रान साफ करायचंय? स्लॅशर की मल्चर, ते आधी पायांनी ठरवा

मुरबाडच्या एका अवजारांच्या दुकानात जाऊन मी पहिल्यांदा ‘रोटरी मोअर आहे का’ असं विचारलं, तेव्हा दुकानदाराने उत्साहाने रोटावेटर दाखवला. रोटावेटर माती उकरतो, मला तर गवत-झुडपं कापायची होती. मग ‘फ्लेल’ म्हणून पाहिलं. त्याचा चेहरा केमिस्टकडे बंद झालेलं औषध मागावं तसा झाला. शेवटी बाकावर बसलेले एक काका म्हणाले, “स्लॅशर पायजे का मल्चर, ते बोला ना सरळ.”

तेव्हा शब्दांपासूनच सुरुवात करतो. परदेशी व्हिडिओंमध्ये रोटरी मोअर किंवा रोटरी कटर म्हणतात तो आपल्या बाजारातला स्लॅशर. फ्लेल मोअर म्हणजे आपला मल्चर, काही जण त्याला श्रेडरही म्हणतात. दोन्ही ट्रॅक्टरच्या मागे लागतात, दोन्ही पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याच्या ताकदीवर चालतात आणि लांबून दोन्ही पत्र्याचे खोकेच दिसतात. आतला कारभार मात्र पूर्ण वेगळा.

हा लेख ठाण्यात राहून मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या बाजूला एक-दोन-तीन एकर जमीन असलेल्या आणि दिवाळीत तिथे गेल्यावर स्वतःची जमीनच सापडेनाशी झालेल्या मंडळींसाठी आहे. माझी तीन एकर सरळगावच्या पुढे आहे. पहिल्या वर्षी बांध कुठला आणि शेजाऱ्याचं खाचर कुठलं हे मला कमरेएवढ्या टाकळ्यातून कळेना. (पावसाच्या सुरुवातीला याच टाकळ्याची कोवळी भाजी आपण कौतुकाने खातो. ऑक्टोबरात तो सूड घेतो.)

पायरी १: मशीनचा विचार बाजूला ठेवा आणि चाला

पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले की जा. हातात काठी, पायात गमबूट. काठी आपटत चालायचं, म्हणजे घोणस-फुरसं असेल तर सरकायला त्याला वेळ मिळतो. सोबत बांबूच्या काटक्या आणि लाल चिंध्या घ्या. वारूळ, मोठा धोंडा, जुना बुंधा, उघडी विहीर, मोजणीचा हद्दीचा दगड, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, जे जे गवतात दडलंय तिथे काटकी रोवून चिंधी बांधायची. अडीच-तीन तास लागतात आणि कंटाळा येतो. पण ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला गवताखालचं काही दिसत नाही, त्याला तुमची चिंधीच दिसते.

चालताना चार गोष्टी वहीत टिपा.

पहिली, दगड. सुटे आहेत की जमिनीत रुतलेले? आपला दगड काळा, कडक. भाताच्या जुन्या खाचरात तो जवळपास नसतो, वरकस माळावर मात्र पावलागणिक असतो. दर दहा पावलांवर काठी टोचून बघा, आवाजावरून कळतं.

दुसरी, जाडी. गवत, तेरडा, टाकळा हे मऊ काम. रानमोडी पहिल्या वर्षी बोटाएवढी, तीन वर्षं सोडलेली असेल तर अंगठ्याहून जाड आणि डोक्याच्या वर. घाणेरी आणि करवंदाची जाळी हे तिसरं प्रकरण. त्यापुढे मनगटाएवढं काही असेल तर ते या दोन्ही मशीनचं कामच नाही, तिथे कोयता-कुऱ्हाड लागेल.

तिसरी, गवतात पडलेल्या तारा, दोऱ्या आणि कापडं. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण माझा एक अख्खा दिवस त्यात गेलाय.

चौथी, शेजार. रस्ता, घर, गोठा, पार्क केलेली गाडी, शेजाऱ्याची भाजी किती पावलांवर आहे.

एक पाचवीही आहे, पण ती सगळीकडे नसते: खाजकुयली. झुडपांवर चढलेला वेल, तपकिरी मखमलीसारखी लव असलेल्या शेंगा. ही मशीनखाली गेली की लव धूर उडावा तशी हवेत उडते आणि ड्रायव्हर ट्रॅक्टर तिथेच सोडून ओढ्याकडे पळतो. शेंगा वाळल्या असतील तर तो तुकडा वगळा, किंवा पहाटे दंव पडलेलं असताना, लव ओली असताना, हातमोजे घालून शेंगा गोणीत काढून घ्या.

पायरी २: काय कापायचं नाही ते ठरवा

सातबारा एकदा वाचून घ्या, विशेषतः इतर हक्कांचा रकाना. तिथे वनाची नोंद असेल तर मशीन नेण्याआधी वनखात्यात चौकशी करा. नोंद स्वच्छ असली तरी महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहेच. साग, मोह, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झुडपांच्या गर्दीत यांचीच अंगठ्याएवढी रोपं असतात आणि स्लॅशरला साग आणि रानमोडी सारखीच. रोपांभोवती हातभर जागा कोयत्याने मोकळी करून चिंधी बांधा. पाच वर्षांनी सावली हवी असेल तर फुकटात मिळालेली ही रोपं सोन्यासारखी आहेत.

महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे खुद्द ठाण्यात किंवा नवी मुंबईत प्लॉट असेल तर १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. खाडीकाठच्या प्लॉटवर तिवरं असतील तर तिकडे मशीनचं तोंडही करू नका. मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडण्यावर बंदी घातलेली आहे.

मग गवताचं. जमीन बहुतेक गवताचीच असेल तर मशीनआधी गावात विचारा. गवत-पावलीचा व्यवहार आपल्या जिल्ह्यात जुना, मुंबईच्या तबेल्यांना गवत इथूनच जात आलंय. कापणारी मंडळी विळ्याने गवत कापून घेऊन जातात आणि तुमचं अर्धं काम डिझेल न जाळता होतं. मी पहिल्या वर्षी हे न विचारता सगळं गवत चिरडून टाकलं. शेजारचे काका बांधावर उभे राहून बघत होते. नंतर एवढंच म्हणाले, “दोन म्हशींचं वर्षाचं खाणं होतं ते.”

पायरी ३: आत काय फिरतं ते समजून घ्या

स्लॅशर म्हणजे छताचा पंखा जमिनीजवळ आणलेला. मधोमध गिअरबॉक्स, खाली उभा दांडा, दांड्याला एक जाड पट्टी किंवा थाळी आणि तिच्या टोकांना दोन पाती. पाती बोल्टावर सैल असतात, दगड लागला की मागे वळतात. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, गिअरबॉक्स ते वाढवून हजाराच्या आसपास नेतो. पाच फुटी स्लॅशरचं पातं एका फेऱ्यात साडेचार मीटरपेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणजे टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात. तेवढ्या वेगाने लिंबाएवढा दगड आडवा सुटला तर काय होतं ते मी माझ्याच गाडीच्या मागच्या दारावर पाहिलंय. गाडी मी साठेक पावलांवर, झाडाच्या सावलीत, ‘सुरक्षित’ लावली होती. आवाज ‘टक्’ एवढाच आला. दाराला पडलेल्या खळग्यात अंगठा बसतो.

मल्चरमध्ये दांडा आडवा असतो, पोळीच्या लाटण्यासारखा, मशीनच्या रुंदीइतका. त्या लाटण्यावर वीस-तीस किंवा त्याहून जास्त छोटी पाती कड्यांनी लोंबकळत असतात. लाटणं फिरलं की ती बाहेर ताठ होतात आणि समोर येईल त्याला हाणतात. ताकद गिअरबॉक्समधून बाजूच्या बेल्टांवर आणि तिथून दांड्यावर जाते. दांड्याचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास असतात, पण घेर लहान असल्याने पात्याच्या टोकाचा वेग स्लॅशरच्या निम्म्याजवळच राहतो. शिवाय फटका वरून-खालून बसतो आणि पत्र्याच्या पोटातच राहतो, त्यामुळे दगड बाजूला लांब उडायचं प्रमाण बरंच कमी. मागे रूळ असतो, त्याच्यावर कापायची उंची ठरते.

आमच्याकडे ट्रॅक्टर घेऊन येणारा दादा याचं वर्णन एका वाक्यात करतो: “स्लॅशर कोयता मारतो, मल्चर भात झोडल्यागत झोडतो.” याहून नेमकं मला सांगता येणार नाही. कोयत्याने कापलेलं लांबच्या लांब पडतं. झोडलेल्याचा भुगा होतो.

मल्चरची पाती दोन तऱ्हेची मिळतात. ‘वाय’ आकाराची पातळ पाती गवत आणि कोवळ्या झुडपांसाठी. हातोडीसारखी जाड पाती रानमोडी, घाणेरी, करवंद यांच्यासाठी. भाड्याने बोलावताना ‘मल्चर आहे’ एवढ्यावर थांबू नका, पाती कुठली ते विचारा. वाय पात्यांनी घाणेरीच्या जाळीत शिरलेला मल्चर दुपारपर्यंत अर्धा बोथट होतो.

पायरी ४: आता निवड

दुकानदार तुम्हाला आधी विचारेल, ट्रॅक्टर किती एचपीचा. हा प्रश्न गरजेचा आहे, पण माझ्या मते तिसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न: कापलेलं कुठे जाणार?

आपल्या भागात अजून राब भाजतात. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, काटक्या, गवत रचून उन्हाळ्यात जाळायचं. शेजारी राब करणारे असतील तर त्यांना लांब काड्या, फांद्या हव्या असतात आणि स्लॅशरने कापलेलं ते आनंदाने उचलून नेतात. मल्चरचा भुगा त्यांच्या काही कामाचा नाही. उलट तुमची स्वतःची आंब्या-काजूची कलमं असतील तर हाच भुगा आळ्यात टाकायला उत्तम. एप्रिलमध्ये ओल धरतो आणि पावसात कुजून जातो. कोणीच उचलणार नसेल आणि कलमंही नसतील, तर स्लॅशरने पडलेल्या लांब काड्यांचे पट्टे जानेवारीत वाळून खडखडीत होतात. त्याखाली उंदीर, उंदरांमागे साप. आणि माळावरून वणवा आला तर ते पट्टे वातीसारखे पेटतात. अशा जागी मल्चरच.

दुसरा प्रश्न: दगड आणि माणसं. हे दोन्ही एकत्र बघायचं. दगड आहेत पण आसपास कोणी नाही, तर पहिल्या वर्षी स्लॅशर, उंचावर ठेवून. दोन जाड पाती बदलणं स्वस्त पडतं, वीस-तीस बदलणं महाग. दगड आहेत आणि रस्ता किंवा घरही जवळ आहे, तर आधी मजूर लावून सुटे दगड वेचून बांधाला लावा आणि मग मल्चर आणा. दगड न वेचता मल्चर खाली टेकवून चालवला तर हातोड्या तुटतात. एका बाजूची तुटली की दांड्याचा तोल जातो, मशीन थरथरायला लागतं आणि बेअरिंग संपतं.

तिसरा, ट्रॅक्टर. पाच फुटी स्लॅशर साधारण ३०-३५ एचपीच्या ट्रॅक्टरवर निभतो. त्याच रुंदीच्या मल्चरला ४०-४५ एचपी हवेत, कारण भुगा करायला ताकद जास्त लागते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो, तो बघा. मल्चर वजनालाही जड, त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरचं नाक चढावर उचललं जातं, पुढे वजनं लावावी लागतात. मिनी ट्रॅक्टर असेल तर रुंदी कमी घ्या, ओढाताण करू नका.

वेगाचा हिशेब सोपा आहे. पाच फूट म्हणजे दीड मीटर. मल्चर ताशी तीन किलोमीटरने चालला तर कागदावर तासाला साडेचार हजार चौरस मीटर होतात, म्हणजे एकराहून थोडं जास्त. वळणं, पट्टे एकमेकांवर चढवणं, चिंध्या चुकवणं धरलं तर प्रत्यक्षात तीस गुंठे झाले तरी खूप. दाट रानमोडीत त्याच्याही निम्मे. स्लॅशर मऊ गवतात दीडपट वेगाने जातो, दाट झुडपात मात्र दोघांची चाल जवळपास सारखीच, मुंगीची.

आणि उतार. ट्रॅक्टर आडवा चालवताना ड्रायव्हर ज्या तुकड्यावर नकार देईल तिथे हुज्जत घालू नका. तो भाग, बांधांचे कोपरे आणि दहा गुंठ्यांपेक्षा लहान जागा यांना खांद्यावरचा ब्रश कटर बरा. त्याला धातूचं पातं लावा, नायलॉनची दोरी रानमोडीपुढे टिकत नाही.

एवढं सगळं वाचून कोणी विचारेलच, ‘मग सरळ जेसीबी का नको?’ एका दिवसात लख्ख होतं हे खरं. पण जेसीबी झुडपासोबत वरची वीतभर मातीही ढकलून कडेला लावतो आणि तीच माती चांगली असते. उघड्या जमिनीवर जूनमध्ये कोकणचा पाऊस कोसळला की राहिलेलीही ओढ्याला जाते. मग त्या लाल उघड्या जागेवर सगळ्यांत आधी कोण उगवतं? रानमोडी आणि टाकळा.

पायरी ५: विकत घेण्याआधी भाड्याने

पहिली दोन वर्षं भाड्यानेच करा. वर्षातून दोनदा लागणारं मशीन उरलेले दिवस शेडमध्ये गंजतं. स्लॅशर तालुक्यात शोधला तर सापडतो, मल्चरसाठी जास्त फोन करावे लागतात. कृषी अवजारे बँक, मोठे बागायतदार, ट्रॅक्टरच्या शोरूमचे लोक यांना विचारा. नोव्हेंबरात सगळे भाताच्या मळणीत असतात, त्यामुळे दसऱ्यालाच सांगून ठेवलेलं बरं.

ठरवताना हे बोलून घ्या: तास कुठून धरणार, त्याच्या गावातून निघाल्यापासून की तुमच्या जमिनीत पीटीओ टाकल्यापासून? पातं तुटलं तर कोणाचं? डिझेल त्याचं की तुमचं? पाणंदीतून मशीन आत येईल का? माझ्या पाणंदीत पाच फुटी मल्चर दोन्ही बाजूंच्या निवडुंगाला घासत आला, सहा फुटी बाहेरच राहिला असता.

पुढेमागे विकत घ्यायचंच ठरलं आणि सातबारा तुमच्या नावावर असेल, तर महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो. पूर्वसंमतीचं पत्र येण्याआधी खरेदी करू नका, आधीची पावती चालत नाही.

पायरी ६: मशीन दारात आल्यावर

ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. मग मशीनकडे वाकायचं. हा क्रम कधीच मोडू नका.

स्लॅशरमध्ये बघायचं ते असं: पुढच्या-मागच्या साखळ्या किंवा रबरी पट्टे जागेवर आहेत का? त्या शोभेच्या नाहीत, उडणारा दगड त्याच अडवतात. पात्यांचे बोल्ट घट्ट आणि पाती हाताने मागे वळतायत ना? गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं तेल आहे ना? पीटीओच्या जॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टर आणि मशीन जोडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, प्लास्टिकचं आवरण आहे ना? आवरण नसेल तर मशीन परत पाठवा. सैल शर्टाचं टोक त्या जॉइंटमध्ये गेलं तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

मग शिअर बोल्ट. हा मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट, मशीन अडकलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. काही जण ‘सारखा तुटतो’ म्हणून तिथे कडक बोल्ट घालतात. मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स फुटतो. बोल्टऐवजी स्लिप क्लच, म्हणजे मशीन अडकलं की तुटण्याऐवजी घसरणारा क्लच असेल तर आपल्या हवेत त्याची वेगळी तऱ्हा: चार महिन्यांच्या पावसात त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात आणि तो घसरायचंच विसरतो. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगांचे नट मोजून सैल करायचे, जॉइंट क्षणभर फिरवून प्लेटा सोडवायच्या, नट मोजून परत तेवढेच आवळायचे. ड्रायव्हरला ‘क्लच सोडवलाय का’ एवढं विचारा. त्याने ‘कुठला क्लच?’ म्हटलं, तर उत्तर मिळालं.

मल्चरमध्ये बेल्टांचा ताण, मागच्या रुळाची बेअरिंगं आणि सगळी पाती मोजून बघा. एखादं गायब असेल तर त्याच्या समोरचंही काढून दोन्ही नवी घालायची, नुसतं एक नाही. नवीन आणि झिजलेलं समोरासमोर आलं की तोल बिघडतो.

पायरी ७: प्रत्यक्ष कापणी

आसपासची माणसं, गुरं, पोरं लांब. स्लॅशर असेल तर शंभर मीटर, यात घासाघीस नाही. गाडी कुठे लावायची ते माझ्या दारावरून समजून घ्या.

पहिला फेरा उंच, नऊ-दहा इंचांवर. लपलेले दगड आणि बुंधे उघडे पडतात, तुम्ही चिंध्या बांधायला विसरलेलेसुद्धा. मग थांबा, चहा प्या, चालत एक चक्कर मारा. दुसरा फेरा चार-पाच इंचांवर. यापेक्षा खाली जायचा मोह आवरा. खडकाळ जमिनीत त्याने हाती काही लागत नाही, पाती मात्र जातात. डिसेंबरनंतर कोरडं गवत असेल तर दगडावर पातं घासून उडालेली ठिणगीही पुरते, तेव्हा पाण्याचे दोन कॅन आणि झोडपायला ओल्या गोणी जवळ ठेवा.

पीटीओ पूर्ण फेऱ्यांवर आणि ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये. नवखे उलट करतात, रेस कमी करून वरच्या गिअरमध्ये पळवतात. मग पाती कापत नाहीत, चावतात, काड्या वाकतात आणि मशीन पुढे गेलं की परत उभ्या राहतात. वळताना मशीन उचलायचं असेल तर आधी पीटीओ बंद. बाहेरून आत गोल गोल कापू नका. मधून बाहेर किंवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जा, म्हणजे आत दडलेले ससे, लाव्हे, साप यांना पळायला वाट राहते. आणि झाडावर आग्यामोहोळ दिसलं तर त्या झाडाखाली त्या दिवशी काम नाही.

आता तो तारांचा किस्सा. दुसऱ्या वर्षी मल्चर आणला होता. खाचराच्या कडेला शेजाऱ्याने रानडुकरांसाठी जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, त्यातली एक पावसात सुटून माझ्या टाकळ्यात पडलेली. मी चालताना ती पाहिली होती, आणि ‘नंतर उचलू’ म्हणालो होतो. मल्चरने ती पहिल्या दहा मिनिटांत उचलली. आवाज आधी जड झाला, मग बेल्ट जळल्याचा वास आला. इंजिन बंद करून, मशीनखाली लाकडी ठोकळे लावून आत पाहिलं, तर सहा वार नायलॉन दांड्यावर पिळून पिळून लाकडासारखं कडक झालेलं. उष्णतेने वितळून एकजीव. मी आणि दादा आळीपाळीने विळ्याने आणि पात्याच्या करवतीने दुपारचे दोन वाजेपर्यंत खरवडत बसलो होतो. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्यावर जरीची नक्षी अजून दिसत होती. बेल्ट नवा घालावा लागला. कापड, दोरी, ड्रिपची नळी, काटेरी तार हे स्लॅशरलाही गुंडाळतं, पण मल्चरच्या लांब दांड्याला जास्त. तारेचा तुटलेला तुकडा तर गोळीसारखा सुटतो. तेव्हा चालताना दिसेल ते त्याच क्षणी उचला.

पायरी ८: कापल्यानंतर

स्लॅशर असो की मल्चर, दोघांपैकी कोणीही मुळं मारत नाही. रानमोडी आणि घाणेरी बुंध्यातून परत फुटतात, आणि एकाच्या जागी पाच फोक येतात. म्हणून कापायची वेळ महत्त्वाची. टाकळा शेंगा पिकायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास. रानमोडी पांढरी फुलायच्या आत. तिचं फूल थंडीत येतं आणि बी वाऱ्यावर जातं, म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत तिचं काम झालेलं हवं. फेब्रुवारीत कापलीत तर तिचं बी तुम्हीच सगळ्या जमिनीत पेरून द्याल, तेही डिझेल खर्चून. घाणेरीचे बुंधे मात्र कापल्यावर दिसतायत तोवर कुदळीने उपटून घेतलेले बरे. माणसं लागतात, पण ते एकदाच करायचं काम आहे.

पहिलं वर्ष स्लॅशर, दगड वेचले, दुसऱ्या वर्षापासून मल्चर: माझ्या जमिनीत हे जमलं. तुमच्याकडे जुनं, दगड नसलेलं भातखाचर असेल तर पहिल्यापासून मल्चर आणा. आणि नुसता गवताचा माळ असेल, तर गवतवाल्यांनंतर उरतं त्याला स्लॅशर पुरतो.

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की एक रविवार राखून ठेवा. माती लोण्यासारखी मऊ असते, रानमोडीची बोटभर रोपं दोन बोटांच्या चिमटीत मुळासकट निघतात. ट्रॅक्टर त्या चिखलात आणायचा नाही, रुतेल. डोक्यावर इरलं किंवा रेनकोट, सोबत एक गोणी, आणि कोवळा टाकळा दिसला तर तो वेगळ्या पिशवीत.